तांदळातलं नाव

"या निशिगंधा चौगुले कोण?"

"मीच."

"आणि या अनुश्री मगदूम?"

"त्याही मीच."

पाटोळेंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, पत्रिका जुळवायला ठेवतात तसे, आणि चष्मा कपाळावर चढवला. "मग मॅडम, ओमानला नोकरीवर जाणार कोण? डिग्री हिची, पासपोर्ट तिचा. तिकडचं खातं विचारतंय, एका बाईच्या डिग्रीवर दुसऱ्या बाईला व्हिसा कसा द्यायचा?"

मी हसले. शेजारी बसलेला अभिजितही हसला. पाटोळे हसले नाहीत. कोल्हापुरात दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांतून त्यांनी वीस वर्षं नर्सा आणि शिक्षक आखातात पाठवले होते. त्यांना आमच्याएवढी गंमत वाटत नसावी.

"फाईल परत आलीय," ते म्हणाले. "शेरा वाचू का? दुसऱ्या व्यक्तीची पदवी वापरल्याचा संशय."

संशय! त्या एका शब्दानं माझ्या तोंडावरचं हसू पुसलं गेलं.

सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सहा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, दर एप्रिलमध्ये नारळ. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्लीसुद्धा माझ्याकडे नसायची, कायम झालेल्या सरांकडे मागावी लागायची. मग ओमानमधल्या सोहारच्या एका भारतीय शाळेनं व्हिडिओवर मुलाखत घेतली. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, प्रकाशाचं वक्रीभवन सातवीतल्या मुलाला समजेल असं सांगा. मी उठून स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणि चमचा आणला. "चमचा मोडलेला दिसतोय ना? मोडलेला नाही. तुम्ही पाण्यातून बघताय." त्या मनापासून हसल्या. आठवड्यानं पत्र आलं. पूर्ण वेळची नोकरी, माझ्या ताब्यात प्रयोगशाळा. मी आधी जायचं, अभिजितनं दुकानाची घडी बसवून डिसेंबरात यायचं. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं, की मोबाईल न उघडता म्हणून दाखवलं असतं.

आणि आता मी कुणीतरी दुसरीच बाई होते.

घोळ कसा झाला, हे आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अभिजितनं अंगठीनं 'अनुश्री' लिहिलं. अभिजितची अनुश्री, अ ला अ. मांडवात टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. सून घरात आली की पहिल्या महिन्यात कागद बदलायचे, ही माझ्या सासऱ्यांची, अण्णांची शिस्त. त्यांच्या ओळखीच्या माणसानं आधार, पॅन आणि थायलंडच्या सहलीसाठी पासपोर्ट, सगळं अनुश्री अभिजित मगदूम करून आणून दिलं. दहावीपासून बी.एड.पर्यंतचे माझे कागद मात्र माहेरच्या ट्रंकेत होते. त्यांच्यापर्यंत कुणाचा हात पोचला नव्हता. त्यांच्यावर मी अजून निशिगंधा बाळासाहेब चौगुलेच होते.

"दोन वाटा आहेत," पाटोळे म्हणाले. "एक, डिग्र्यांवरचं नाव बदला. बोर्ड, दोन विद्यापीठं, सगळीकडं अर्ज. वर्ष जाईल. दुसरी, पासपोर्टवर मूळ नाव परत आणा. पेपरात जाहीर प्रगटन, त्याच दिवशी राजपत्राचा अर्ज, मग तत्काळमधनं पासपोर्ट. शाळा म्हणते, पंधरा जूनपर्यंत निदान राजपत्राच्या अर्जाची पोच दाखवा, तर आम्ही थांबतो. नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईंना व्हिसा."

आज तीन तारीख होती.

"आणि साहेबांची सही लागंल," पाटोळे अभिजितकडे वळले. "बायकोनं मूळ नाव लावायला माझी हरकत नाही, असं स्टॅम्प पेपरवर."

"यांची हरकत कशाला?" मी विचारलं. "नाव माझं आहे."

"मॅडम, आमच्याकडं फाईलला लागतंच ते, त्याच्याशिवाय राजपत्राचा अर्ज आम्ही भरत नाही. उद्या कुणी म्हणालं, बाई नाव बदलून पळाली, तर आमचा गळा धरतात."

"नाव पहिल्यांदा बदललं तेव्हा माझी हरकत नाही, असं कुणी लिहून घेतलं होतं?"

पाटोळेंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुढची फाईल घेतली. जिन्यात अभिजितनं माझा हात धरला. "करून टाकू गं अनु. सहीचं काय एवढं? आत्ता स्टॅम्प पेपर घेऊ, उद्या सही."

स्टॅम्प पेपर खरंच घेतला. मजकूरही टाईप करून घेतला. सही मात्र उद्यावर राहिली.

आमच्या घरात पेपर आला की पहिलं पान कुणीही घ्यावं, पण आतलं जाहीर प्रगटनाचं पान अण्णांचं. कुणाच्या जमिनीवर कुणाची हरकत, कुणी मुलाशी संबंध तोडले, कुणाचा दाखला हरवला, हे चहाबरोबर मोठ्यानं वाचून दाखवायचे. "बघा, कवलापूरच्या त्या शिंद्यानं पोराला बेदखल केलं. मी म्हणलंच होतं." सांगलीत ही चौकट वाचणारी माणसं अग्रलेखाकडं ढुंकूनही बघत नाहीत.

त्यामुळं माझं प्रगटन म्हटल्यावर त्यांच्या हातातली बशी खाली आली.

"काय छापणार म्हणालीस?"

"अनुश्री अभिजित मगदूम ही यापुढं निशिगंधा बाळासाहेब चौगुले या नावानं ओळखली जाईल."

"आणि हे वाचून माणूस काय समजणार?" त्यांनी अभिजितकडं बघितलं. "फारकत झाली. दुसरं काय समजणार? सतरा तारखेला आपल्या प्रणालीचं लग्न. तिच्या सासरी सकाळी पेपर येत नाही व्हय? मगदुमांच्या सुनेनं नाव टाकलं, असं मांडवात बोभाटा व्हायला पाहिजे का?"

"अण्णा, नाव टाकत नाही. कागदावर जे होतं तेच परत घेतेय. व्हिसासाठी."

"घे की. कोण नको म्हणतंय? लग्न होऊ दे."

"पंधराला पोच दाखवायचीय."

"सतराला लग्न आहे. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

"दोन दिवसांत जागा जाते."

"जागा काय एसटीतली आहे का, रुमाल टाकला नाही म्हणून गेली? शिकलेल्या बाईला दुसरी मिळंल."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रुखवताच्या करंज्यांना मुरड घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांची बोटं मात्र थांबली, एवढं मला दिसलं.

मी प्रत्येक दिवशी मागितली ती सही. मागितली, हा शब्द लिहितानाही अजून अंगाचा तिळपापड होतो. तो स्टॅम्प पेपर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या आमच्या दुकानात गल्ल्याखालच्या खणात होता. सहा तारखेला अण्णा दुकानात बसले होते म्हणून झालं नाही. आठला आचारी बघायला जायचं होतं. दहाला अभिजित म्हणाला, "अगं, सही केली तरी प्रगटन द्यायला तर लागणार ना? दोन्ही एकदमच करू." बाराला तो मला पाहून आधीच कसनुसा झाला.

वाईट माणूस नव्हता तो. नाही. माझ्या मुलाखतीच्या दिवशी दुकान बंद ठेवून तो दाराबाहेर बसला होता, गल्लीतली पोरं आरडाओरडा करतील म्हणून. बायकोला समुद्रापार एकटी पाठवायला तयार झालेला तो माणूस चार बोटांच्या एका जाहिरातीला घाबरत होता. मला संताप येत होता तो याचाच. मला कुणी नाही म्हणतच नव्हतं. नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. सगळे हो म्हणत होते आणि तारखा जात होत्या.

पंधराला मी सरळ दुकानात गेले.

"एक सही, अभिजित."

"अनु, दोन दिवस गं. परवा रात्रीपर्यंत सगळं उरकतंय. अठराला सकाळी पहिलं काम हेच."

"अठराला उपयोग नाही त्याचा. आज पोच पाठवायचीय."

"पाटोळेंना फोन करू. सांगू, घरात लग्न आहे. माणसंच आहेत ती पण."

समोर गिऱ्हाईक उभं होतं, फिल्टर मागत होतं. अभिजित फिल्टर शोधायला वळला. किती वेळ शोधत राहिला! ज्या फळीवर तो डोळे मिटून हात घालायचा, त्या फळीवर.

पाटोळेंना मीच फोन केला. "सांगतो मी मॅडम शाळेला," ते म्हणाले, "पण तिकडं आपल्या लग्नाचं काय कौतुक?"

सोळा तारखेला दुपारी प्रणालीच्या हातावर मेंदी चढत होती. माझी नणंद फिजिओथेरपिस्ट. मिरजेच्या हॉस्पिटलात नोकरी, तोंडानं फटकळ, मनानं निर्मळ. दोन्ही हात अडकलेले म्हणून मी तिला दहीभात भरवत होते.

"वहिनी, तुला म्हणून सांगते हं," ती घास गिळून म्हणाली. "माझं नाव स्वानंदी ठरलंय. सुयोग आणि स्वानंदी. त्यानं विचारलं होतं मला, तुला कुठलं आवडेल?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तू ठेवशील ते." आणि लाजून हसली.

माझा हात तिच्या तोंडापाशी तसाच थांबला. "अगं भरव की," ती म्हणाली, "का उपाशी ठेवतीस?" मी भरवलं. काही बोलले नाही. त्या वेळी का बोलले नाही, याचं उत्तर मी फार दिवस स्वतःलाही दिलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊवारी नेसून मी हॉलवर निघाले होते, तेव्हा मोबाईल वाजला. पाटोळेंचा निरोप. 'मॅडम, शाळेने यादीतल्या पुढच्या उमेदवाराला व्हिसा दिला. फाईल बंद केली आहे. घरच्या कार्यास शुभेच्छा.'

मी निरोप दोनदा वाचला. अभिजित आरशासमोर फेटा सारखा करत होता. त्याच्यापुढं मोबाईल धरला. त्यानं वाचलं, आणि फेट्याचा शेमला त्याच्या हातातच राहिला.

"अनु..."

"चल. अक्षता वाटायला माणूस नाही तिकडं."

रडायला वेळ नव्हता. खरंच नव्हता. पाहुण्यांना अत्तर, विहीणबाईंचे पाय धुणं, आजेसासूबाईंना खुर्ची, सगळ्या गर्दीत मी फिरत होते आणि प्रत्येकजण हाक मारत होता. अनुश्री, पाणी. अनुश्री, सुपाऱ्या कुठं? अनुश्री, जरा फोटोला. प्रत्येक हाकेला मी वळत होते. डोक्यात एकच चाललं होतं, सोहारच्या त्या प्रयोगशाळेची किल्ली आज दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पडली. कशासाठी? मंडपात कुणी कुजबुजू नये म्हणून.

अक्षता पडल्या. सप्तपदी झाली. आमच्याकडं नाव ठेवायचा कार्यक्रम हॉलवरच, पंगतीआधी उरकतात, आणि ताट धरायचा मान नवरीच्या वहिनीचा. आईंनीच माझ्या हातात ताट दिलं. पितळेचं, काठोकाठ तांदूळ, वर हळदीकुंकू. "सरळ धर," त्या म्हणाल्या. एवढंच.

सुयोगनं बोटातली अंगठी काढली. फोटोवाला गुडघ्यावर बसला. भटजींनी मंत्र सुरू केला आणि अंगठी तांदळाकडं आली.

माझ्या मांडीवर आत्ता माझी लेक झोपली आहे आणि मी डाव्या हातानं तिला थोपटत हे लिहिते आहे, म्हणून आता खोटं लिहवत नाही. माझ्या लग्नाच्या पंधरा दिवस आधी अभिजितनं मला फोनवर विचारलं होतं, तुला कुठलं नाव आवडेल? निशिगंधाच राहू दे म्हणालीस तरी चालेल, असंही म्हणाला होता. आणि मी, एम.एस्सी. झालेली, वर्गात मुलींना 'प्रश्न विचारा, मान डोलवू नका' म्हणून बजावणारी मी, लाडात येऊन म्हणाले होते, तू ठेवशील ते. या सहीच्या पंधरा दिवसांत मी पाटोळेंवर चिडले, अण्णांवर चिडले, अभिजितवर चिडले. हे एक वाक्य मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी ताट मागे घेतलं.

अंगठी हवेतच राहिली. भटजींचा मंत्र अडखळला.

"सुयोगराव, काय लिहिणार?"

"अं? स्वानंदी." तो गोंधळून हसला. "ठरलंय ना आमचं."

"तिच्या डिग्रीवर प्रणाली आहे. हॉस्पिटलात प्रणाली आहे. पेशंट प्रणाली मॅडम म्हणून शोधत येतात. तांदूळ तुम्ही पाच मिनिटांत उचलाल. बाकीचं कोण निस्तरणार?"

"अहो वहिनी," विहीणबाई पुढं झाल्या, "आमच्यात बदलतातच नाव. शुभ असतं ते. घरात नवीन माणूस आलं म्हणून."

"माणूस तेच आहे, विहीणबाई."

"अनुश्री!" मागून अण्णांचा आवाज आला. खालच्या पट्टीतला, दात आवळलेला. "ताट पुढं धर."

मी ताट धरून राहिले. काठावरून तांदूळ गळत होते, ते मला पायांवर जाणवत होते. मुंडावळ्यांच्या आडून प्रणाली माझ्याकडं एकटक बघत होती. सकाळचा निरोप तिला माहीत नव्हता. पण पंधरा दिवस घरात काय चाललंय, ते तिला न कळण्याएवढी ती बावळट नव्हती.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "गेली का गं नोकरी?"

"गेली."

"माझ्या लग्नापायी?"

तिनं मुंडावळी कानामागं सारली आणि नवऱ्याकडं वळली. "सुयोग, प्रणालीच लिही."

"अगं पण तूच म्हणालीस..."

"म्हणाले होते. आता हे म्हणतेय."

कुणीतरी खोकलं. अण्णा एक पाऊल पुढं आले, आणि तेवढ्यात माझ्या खांद्याशी आई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ताटाला खालून हात लावला. तांदूळ गळायचे थांबले.

"लिहा हो जावईबापू," त्या म्हणाल्या. "चांगलं नाव आहे. मीच ठेवलंय."

अण्णा होते तिथंच थांबले. चार माणसांत आई त्यांच्या आधी बोलल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनीही पाहिलं नसावं.

सुयोगनं अंगठी टेकवली आणि लिहिलं. घाईत वेलांटी जरा वाकडी आली. फोटोवाला म्हणाला, "सर, परत एकदा, फ्लॅश पडला नाही." मग कुणीतरी हसलं आणि बँड वाजला.

अठराला सकाळी अभिजितनं न सांगता स्टॅम्प पेपर माझ्यापुढं ठेवला. सही केलेला. मी तो हातात घेतला नाही.

"उपयोग काय आता याचा?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी छापू. मी येतो बरोबर."

"जागा परत येणार नाही."

"माहीत आहे."

त्याला माफ केलं का? तेव्हा नाही. पुढंही एकदम नाही, दर वर्षी जून लागला की थोडं थोडं. सही मी घडी घालून पर्समध्ये टाकली.

गावभागातल्या त्या पेपरच्या कचेरीत खिडकीपाशी एक वयस्कर कारकून होते, कानाला पेन अडकवलेले. त्यांनी अर्ज दिला. मी उभ्या उभ्याच काउंटरवर भरला. अभिजित शेजारी उभा होता. कागद हलू नये म्हणून त्यानं कोपऱ्यावर बोट दाबून धरलं.

कारकुनांनी अर्ज वाचला. मग माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं बघितलं, मग अभिजितकडं, आणि समजुतीनं हसून कागद माझ्याकडं परत सरकवला.

"ताई, उलटं भरलंय तुम्ही. 'जुनं नाव' लिहिलंय तिथं माहेरचं नाव लिहायचं. सासरचं 'नवीन नाव'मध्ये. सगळ्या बायका तसंच भरतात."

मी कागद पुन्हा एकदा वाचला. जुनं नाव, अनुश्री अभिजित मगदूम. नवीन नाव, निशिगंधा बाळासाहेब चौगुले.

"उलटं नाही भरलेलं," मी म्हणाले, आणि कागद परत त्यांच्याकडं सरकवला. "असंच छापा."